जिप्सीचे पाटे ऑनलाइन मागवले आणि अडकलो: ऑफ-रोड पार्ट विकणाऱ्यांविषयी आपले अनुभव हवे आहेत

कोयनाकाठ:

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००९ सालची जिप्सी आहे. पाटण तालुक्यातले आमचे घर डांबरी रस्त्यापासून सुमारे तीन किलोमीटर आत आहे आणि जून ते ऑक्टोबर या काळात त्यातला शेवटचा दीड किलोमीटर फोर व्हील ड्राइव्हशिवाय पार होत नाही. वडिलांना दर पंधरा दिवसांनी कऱ्हाडला दवाखान्यात न्यावे लागते, त्यामुळे ही गाडी आमच्यासाठी हौसेची नसून गरजेची आहे. मारुतीने २०१८ च्या अखेरीस जिप्सीचे बुकिंग घेणे थांबवल्यापासून सुटे भाग मिळवणे वर्षागणिक कठीण होत चालले आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच.

मागचे दोन्ही पाटे (म्हणजे लीफ स्प्रिंग, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) बसले होते, म्हणजे त्यांची कमान गेली होती, आणि पुढच्या डाव्या बाजूच्या मेन पाट्याला (सर्वांत लांब पट्टीला) डोळ्याजवळ, म्हणजे टोकाच्या गोल कडीजवळ, तडा दिसत होता. म्हणून फेब्रुवारीत परराज्यातल्या एका ऑफ-रोड पार्ट विक्रेत्याकडून दोन इंच उंची वाढवणारा चार पाट्यांचा आणि चार शॉकॲब्जॉर्बरचा सेट मागवला. वाहतुकीसह ३८,४०० रुपये आगाऊ भरले. आठ दिवसांत माल पोहोचेल असे सांगितले होते. प्रत्यक्षात एकोणीस दिवसांनी कऱ्हाडच्या ट्रान्सपोर्टच्या गोडाउनवर आला आणि बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) दाखवून, हमाली देऊन तो मीच उचलून आणला.

घरी आल्यावर अंगणात गोणपाट पसरून जुना आणि नवा पाटा शेजारी शेजारी ठेवला. सेंटर बोल्टच्या (पाट्याच्या पट्ट्या एकत्र धरणाऱ्या मधल्या बोल्टच्या) मध्यापासून पुढच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत टेप लावली, तर मागच्या जोडीतला एक पाटा जुन्याशी तंतोतंत जुळला आणि दुसऱ्यात १४ मिलिमीटरचा फरक निघाला. म्हणजे एकाच जोडीतले दोन पाटे एकमेकांसारखे नव्हते. एका शॉकॲब्जॉर्बरवरचे लेबल कोपऱ्यात उचकटलेले होते. ते नखाने थोडे वर केले, तर खाली दुसऱ्याच नावाचे जुने लेबल निघाले.

विक्रेत्याला त्याच दिवशी फोटो पाठवले. आधी उत्तर आले की हा फिटिंगचा प्रश्न आहे, चांगल्या मिस्त्रीकडून बसवून घ्या. पाटे अजून बसवलेलेच नाहीत, हे मी कळवल्यावर सांगण्यात आले की परतीचे भाडे तुमचे आणि किमतीतून २५ टक्के कापून उरलेली रक्कम मिळेल. त्यानंतर फोन उचलणे बंद झाले आहे.

आता माझ्यासमोरचे प्रश्न असे, की हा फरक असलेला पाटा तसाच बसवणे सुरक्षित आहे का, माल परत घ्यायला विक्रेत्याला भाग पाडता येते का, आणि पुढे पार्ट घेताना विक्रेता भरवशाचा आहे हे पैसे देण्याआधी कसे ओळखावे. ज्यांनी असे व्यवहार केले आहेत त्यांनी चांगले आणि वाईट दोन्ही अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. पावसाळ्याआधी गाडी दुरुस्त करून चालती करायची आहे.

उद्यमनगर_गॅरेज:

नमस्कार दादा. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझे गॅरेज आहे आणि गेली बावीस वर्षे मी प्रामुख्याने जिप्सी आणि जुन्या महिंद्रा जीपचे काम करतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देतो: तो पाटा बसवू नका. सेंटर बोल्टचे डोके एक्सलवरच्या भोकात बसते आणि एक्सलची जागा त्यानेच ठरते. एका बाजूचा बोल्ट १४ मिलिमीटर पुढेमागे असेल, तर एक्सल तेवढाच तिरका बसेल, गाडी सरळ रस्त्यावरही एका अंगाने चालेल, टायर एकाच कडेने झिजतील आणि घाटात उतरताना ब्रेक मारला की मागचा भाग ओढ घेईल. आजारी वडिलांना घेऊन त्या गाडीत बसू नये.

विक्रेता कसा ओळखावा, याविषयी माझे मत इतक्या वर्षांत पक्के झाले आहे. दुकान केवढे आहे किंवा सूट किती देतो यावरून मी अंदाज बांधत नाही. पैसे घेण्याआधी तो काय विचारतो, ते ऐकतो. जिप्सीचे पाटे मागणाऱ्या माणसाला जाणकार विक्रेता आधी गाडी कोणत्या सालची आहे ते विचारेल, चासी नंबर मागेल, हार्ड टॉप आहे की सॉफ्ट टॉप याची चौकशी करेल. पुढे लोखंडी बंपर किंवा विंच (रुतलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) लावली आहे का, मागे किती माणसे किंवा किती ओझे असते, हेही तो विचारेल. कारण पाट्याची जाडी आणि त्यातल्या पट्ट्यांची संख्या ओझ्यावर ठरते. हजार किलोच्या आसपास वजनाच्या जिप्सीला जड गाडीचे कडक पाटे घातले, तर उंची वाढते पण गाडी दगडावर उसळते, आणि ज्याला कंबरेचा त्रास आहे त्याला ती असह्य होते. तुमच्या विक्रेत्याने यातले काही विचारले होते का?

दुसरी खूण उंचीच्या सेटबाबतची आहे. दोन इंच उंची वाढवली की एक्सल पूर्ण लटकलेल्या स्थितीत ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो आणि प्रॉपेलर शाफ्टचा (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढल्याने त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, लवकर झिजतात. या दोन गोष्टी विक्रेत्याने स्वतःहून सांगायला हव्यात. ज्याने सेट विकला पण ब्रेक पाइपची लांबी तपासायला सांगितले नाही, त्याने किलोच्या भावाने लोखंड विकले असेच मी म्हणेन.

मला घडलेला एक चांगला अनुभवही सांगतो. पुण्यात नाना पेठेतल्या एका जुन्या दुकानात मी एका ग्राहकाच्या जिप्सीसाठी जाड पाटे मागायला गेलो होतो. गल्ल्यावरच्या काकांनी गाडीचा वापर विचारला, मी शेतीची आणि घरगुती असे सांगितले, तेव्हा त्यांनी जाड सेट द्यायला नकार दिला आणि म्हणाले, "जुना मेन पाटा नमुना म्हणून घेऊन या, मग देतो." हातातले गिऱ्हाईक त्यांनी परत पाठवले. मी दुसऱ्या आठवड्यात नमुना घेऊन गेलो, त्यांनी दोन्ही पाटे फळीवर ठेवून डोळ्याला डोळा आणि बोल्टला बोल्ट जुळवून दाखवला. त्या दिवसापासून माझे जिप्सीचे बहुतेक सामान तिथूनच येते.

तुमच्यासाठी आणखी एक मार्गही आहे. मागचे पाटे नुसते बसले असतील आणि त्यांना तडा नसेल, तर त्यांना पुन्हा कमान देऊन घेता येते. मात्र भट्टीत लाल करून कमान दिली आणि नंतर पाणी नीट चढवले नाही, म्हणजे तापलेले पोलाद थंड करून कठीण केले नाही, तर पोलाद मऊ राहते आणि तो पाटा एका पावसाळ्यात पुन्हा बसतो, म्हणून हे काम ओळखीच्या, रोज पाटे करणाऱ्या कारागिराकडेच द्यावे. पुढचा तडा गेलेला मेन पाटा मात्र वेल्डिंग करून वापरू नका, तो नवाच घाला.

रानवाट_पुणे:

गॅरेजवाल्या दादांचे बहुतेक म्हणणे मला पटते, पण स्थानिक दुकान तेवढे खरे आणि ऑनलाइन तेवढे खोटे असा समज यातून होऊ नये, म्हणून लिहितो. माझ्याकडे आधी जुनी थार होती, आता २०२१ ची आहे, आणि गेल्या सहा वर्षांत दोन्हींसाठी मी ऑनलाइन बरीच खरेदी केली. माझी सर्वांत मोठी फसवणूक प्रत्यक्ष दुकानात, समोरासमोर झाली. पुढच्या चाकाचे बेअरिंग नामवंत कंपनीच्या खोक्यात मिळाले, ते चार महिन्यांत घरघरू लागले. उघडून पाहिले तेव्हा रिंगवरची अक्षरे पुसट आणि वाकडी होती. दुकानदाराने आधीच सांगितले होते की पक्के बिल नको असेल तर कर वाचेल, आणि मी मूर्खपणे होकार दिला होता. बिल नसल्यामुळे पुढे एक शब्दही बोलता आला नाही. तेव्हा करापोटी २८ टक्के वाचतात असे वाटायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे, तेव्हा बिल टाळण्याचे ते कारणही आता तितके उरलेले नाही.

याउलट एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ऑल टेरेन टायर मागवले होते. टायरच्या भिंतीवर डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या माझ्या चारपैकी दोन टायरवर १११९ होते, म्हणजे ते २०१९ च्या अकराव्या आठवड्यात बनलेले, चार वर्षे पडून असलेले टायर होते. मी फोटो पाठवला. त्यांनी वाद घातला नाही, चूक गोदामाची आहे हे मान्य केले, स्वतःच्या खर्चाने दोन्ही उचलून नेले आणि नवव्या दिवशी २०२३ मध्येच बनलेले टायर पाठवले. चूक कोणाच्याही हातून होते. ती दाखवल्यावर पहिल्या दिवशी काय उत्तर येते, ते मी पाहतो.

एका बाबतीत मात्र मी कोणालाही सवलत देत नाही, आणि ती म्हणजे चिखलात रुतलेली गाडी ओढण्याचे साहित्य. शॅकलवर (दोर गाडीला अडकवण्याच्या लोखंडी कडीवर) सुरक्षित भाराचा आकडा उठावदार अक्षरांत घडवलेला असतो. पाऊण इंची बो शॅकलवर साधारणपणे ४.७५ टन असा आकडा दिसतो. बाजारात हुबेहूब दिसणारे, छान रंगवलेले, पण आकडाच नसलेले शॅकल निम्म्या किमतीत मिळतात. ओढताना असा शॅकल तुटला तर तो गोळीसारखा सुटतो आणि काच फोडून आत येतो. जो विक्रेता असा माल ऑफ-रोडच्या नावाखाली विकतो, त्याच्याकडून मी साधा बोल्टही घेत नाही.

थारवाल्यांसाठी जाता जाता सांगतो: जुन्या थारचे चाक पाच बोल्टचे आहे आणि २०२० नंतरच्या थारचे सहा बोल्टचे. नुसते "थारचे रिम" म्हणून मागणी नोंदवणारे आणि ती तशीच स्वीकारणारे, दोघेही गोत्यात येतात.

ग्राहकहित_सातारा:

कोयनाकाठ, आपल्या दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. मी ग्राहक तक्रारींच्या कामात मदत करतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खालील ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये लागू झाले. माल सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. ग्राहकाचे मन बदलले म्हणून परत करणे वेगळे आणि जोडीतले दोन पाटे जुळत नाहीत म्हणून परत करणे वेगळे. आपले प्रकरण दुसऱ्या प्रकारचे असल्याने २५ टक्के कपातीची अट आपण मान्य करण्याचे कारण नाही.

फोनवर बोलणे आता थांबवा आणि सर्व काही लेखी करा. टेप लावलेले दोन्ही पाट्यांचे फोटो, उचकटलेल्या लेबलाचा फोटो, बिल, बिल्टी, पैसे भरल्याचा पुरावा आणि जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट एकत्र करून ईमेलने पाठवा आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्या. त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तेवढ्याने काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. विक्रेता परराज्यात असला तरी तक्रार आपण राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यात दाखल करता येते, खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. वकील नेमणे सक्तीचे नाही.

एक गोष्ट मात्र लगेच पाहा: बिल कोणाच्या नावावर आहे? पुष्कळदा मिस्त्री स्वतःच्या गॅरेजच्या नावाने पार्ट मागवतो. व्यापारासाठी माल घेणारा या कायद्यात सहसा ग्राहक ठरत नाही, त्यामुळे समोरचा पक्ष तिथेच बोट ठेवतो. आणि पाटे बसवून पाहण्याचा मोह टाळा, म्हणजे वापरल्यामुळे माल खराब झाला असे म्हणायला जागा उरणार नाही.

उद्यमनगर_गॅरेज:

बिलाचा मुद्दा मान्य आहे. आमच्या व्यवसायात कच्च्या चिठ्ठीवर पुष्कळ माल फिरतो आणि त्याचा तोटा शेवटी गाडीमालकालाच होतो. मीही ग्राहकाच्या गाडीचे महत्त्वाचे पार्ट यापुढे ग्राहकाच्याच नावाने बिल करून घेईन.

कोयनाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनंतरची स्थिती लिहितो.

बिल सुदैवाने माझ्याच नावावर होते. सर्व पुरावे जोडून ईमेल केला आणि १९१५ वर तक्रार नोंदवली. अकराव्या दिवशी विक्रेत्याचा फोन आला. चारही पाटे स्वतःच्या खर्चाने उचलण्याचे त्यांनी कबूल केले आणि माल पोहोचल्यावर पाट्यांची पूर्ण रक्कम खात्यात जमा केली. शॉकॲब्जॉर्बरबाबत मात्र ते अजून म्हणतात की कारखान्यात लेबल चुकीचे लागले होते आणि माल योग्यच आहे. मला ते पटलेले नाही, म्हणून ती तक्रार मी मागे घेतलेली नाही आणि चारही नग लेबलांसह तसेच बांधून ठेवले आहेत.

गॅरेजवाल्या दादांनी विचारले होते, त्याचे उत्तर असे की त्या विक्रेत्याने मला गाडीचे साल सोडून काहीही विचारले नव्हते. या वेळी तडा गेलेला मेन पाटा गोणपाटात गुंडाळून एसटीने नाना पेठेत घेऊन गेलो आणि तो समोर जुळवूनच नवा घेतला. मागच्या पाट्यांना कोल्हापुरात कमान देऊन आणली, उंची मूळची होती तेवढीच ठेवली आणि यू बोल्ट व बुश नवे घातले. परवा वडिलांना कऱ्हाडला नेऊन आणले. गाडी सरळ चालते. यू बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला सांगितले आहेत, तेवढे झाले की कळवतो.