४.८ पण रेटिंग फक्त २३, की ४.४ आणि रेटिंग २१००?

गवतीचहा
इलेक्ट्रिक किटली घ्यायची आहे. दोन मॉडेल्स जवळपास सारखी, किंमतही तीच. एकीला ४.८ तारे, पण रेटिंग देणारे २३. दुसरीला ४.४, देणारे २१००. दुसरीखाली १ ताऱ्याचे बरेच रिव्ह्यू आहेत: ‘आठवड्यात गंज चढला’, ‘पाणी उकळलं तरी बंद होत नाही’. कुठल्या आकड्यावर भरवसा ठेवायचा? आणि खोटे रिव्ह्यू ओळखायचे कसे?

अंकगणिती
२३ जणांची सरासरी जशीच्या तशी घेऊ नका. त्या प्रकारच्या वस्तूंना साधारण ४.२ मिळतात असं धरा आणि ४.२ ची ५० काल्पनिक मतं दोन्ही किटल्यांच्या हिशोबात मिसळा.

पहिली: (५० × ४.२ + २३ × ४.८) ÷ ७३ = ४.३९
दुसरी: (५० × ४.२ + २१०० × ४.४) ÷ २१५० = ४.४०

फरक संपला. ५० ऐवजी १०० मतं मिसळलीत तर पहिली ४.३१ वर घसरते, दुसरी ४.३९ वर राहते. किती मतं मिसळायची हे तुमच्यावर आहे, पण थोड्या मतांची सरासरी किती डळमळीत असते ते यातून कळतं.

शिवाय कमी मतांची सरासरी फुगवणं स्वस्त पडतं. ४० मतांवर ३.६ असलेली वस्तू ४.२ वर न्यायला ५ ताऱ्यांची ३० खोटी मतं पुरतात. २००० मतं असतील तर त्याच उडीसाठी १५०० लागतात.

सरासरीखालचे पट्टे, म्हणजे किती जणांनी किती तारे दिले ते, जरूर बघा. १०० पैकी ७५ जणांनी ५ आणि २५ जणांनी १ तारा दिला तरी ४.० येतं, २० जणांनी ५, ६० जणांनी ४, २० जणांनी ३ दिले तरी ४.०. या उदाहरणातल्या पहिल्या वस्तूत बहुधा काही नग सदोष निघताहेत. दुसरी नुसती बरी आहे.

मापदंड
पट्ट्यांबद्दल एक दुरुस्ती. २५ टक्के लोकांनी १ तारा दिला म्हणजे २५ टक्के नग बिघडले असं नाही. लिहायला बसतात ते खूप खूश झालेले किंवा खूप चिडलेले. ज्यांचं काम नीट चाललंय ते सहसा लिहीतच नाहीत. म्हणून टक्केवारीपेक्षा तक्रार कशाची आहे ते वाचा.

किटलीचंच घ्या. ‘बंद होत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काहींचं झाकण नीट लागलेलं नसतं. उकळल्यावर वाफ एका छोट्या मार्गाने स्विचपाशी जाते, तिथली द्विधातू पट्टी तापून वाकते आणि वीज तुटते. झाकण उघडं असेल तर वाफ वरूनच निघून जाते. ‘झाकण घट्ट लावूनही बंद होत नाही’ असं दोन-तीन वेगळ्या लोकांनी लिहिलं असेल तर मात्र ती किटली सोडा.

गंजाचंही तसंच. तळाचे पांढरट-तपकिरी डाग बहुतेक वेळा क्षारांचे असतात, लिंबूसत्त्व घालून पाणी उकळलं की जातात. जोडावर किंवा तळाच्या कडेला पुन्हा पुन्हा उमटणारा तांबडा डाग म्हणजे खरा गंज. फोटो टाकलेले रिव्ह्यू उघडून डाग नेमका कुठे आहे ते पाहा.

आणि क्रम ‘नवीन आधी’ असा लावा, हे फार महत्त्वाचं. समजा पहिल्या २००० जणांची सरासरी ४.४५ होती, मग कंपनीने एखादा भाग बदलला आणि पुढच्या १०० जणांनी सरासरी ३.४ दिली. एकूण आकडा? ४.४ च दिसतो. जुनी पुण्याई नवा बिघाड झाकते. बरेच जण पहिल्या आठवड्यातच लिहितात, त्यामुळे सहा महिन्यांनी सुरू होणारी गळती सरासरीत उतरतच नाही. ‘सात महिने वापरून लिहितोय’ असा एक रिव्ह्यू ‘आजच मिळाली, मस्त’ अशा दहांपेक्षा कामाचा.

फिरस्ता
खोट्यांबद्दल. वाचून ओळखता येतं हा भ्रम सोडा. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये हॉटेलांचे खरे आणि मुद्दाम लिहवून घेतलेले खोटे रिव्ह्यू माणसांना ओळखायला दिले; नाणं उडवून ठरवण्यापेक्षा त्यांना फारसं बरं जमलं नाही. संगणकाने जवळपास ९० टक्के ओळखले. खऱ्यांत जागेचे बारकावे जास्त होते, जसं न्हाणीघर, खोलीचा आकार. खोट्यांत ‘कोणाबरोबर, कशासाठी आलो’ याचं पाल्हाळ. अर्थात, आता यंत्राकडून बारकावेही लिहून घेता येतात, म्हणून मजकुरापेक्षा मांडणी तपासा:

– तारखा. महिनाभर शांतता आणि मग दोन दिवसांत ५ ताऱ्यांचे १५ रिव्ह्यू. सवलतीच्या सेलमुळेही गर्दी होते, पण तेव्हा ३ आणि ४ तारेही येतात.
– लिहिणाऱ्याचं प्रोफाइल. एकाच दिवशी आठ असंबद्ध वस्तू, सगळ्यांना ५.
– रिव्ह्यू भलत्याच वस्तूचे. किटलीच्या पानावर ‘केबल छान आहे’ दिसलं तर जुनं पान नव्या मालाला चिकटवलंय. या प्रकारावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) पहिली कारवाई २०२३ मध्ये केली.

गवतीचहा
मग फक्त ‘व्हेरिफाइड पर्चेस’वाले, म्हणजे खरेदी केल्याचा शिक्का असलेले रिव्ह्यू वाचले तर?

फिरस्ता
चाळणी म्हणून ठीक, हमी म्हणून नाही. विक्रेता खोक्यात चिठ्ठी टाकतो: ५ तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, पैसे परत. खरेदी खरी, शिक्का खरा, मत विकत घेतलेलं. १ ताऱ्याच्या रिव्ह्यूंमध्ये ‘चिठ्ठी’, ‘कूपन’, ‘पैसे परत’ हे शब्द शोधा. चिडलेले ग्राहक हे उघड लिहितात.

अंकगणिती
तुमच्या बाबतीत: दुसरीचे ताजे ३० रिव्ह्यू वाचा. त्यांची सरासरी ४.२ च्या वर असेल आणि ‘बंद होत नाही’च्या तक्रारी झाकणापाशीच थांबत असतील तर तीच घ्या. पहिलीसाठी निदान शंभर मतं होईपर्यंत थांबा. कुठलीही घेतलीत तरी परत करायच्या मुदतीत रोज वापरा. निदान पहिल्याच आठवड्यात उघडे पडणारे दोष तेवढ्यात कळतील.