उसातला बिबट्या अन्नसाखळीत कुठे बसतो?

प्रश्न : पाठ्यपुस्तकात गवत, हरीण, वाघ अशी सरळ साखळी असते, पण आमच्या जुन्नरकडे उसात राहणाऱ्या बिबट्याला हरीण क्वचितच दिसते. मग त्याला सर्वोच्च भक्षक म्हणावे का, आणि असे प्राणी मोजकेच का असतात?

उत्तर १ : मोजके असण्याचे कारण ऊर्जेत आहे. खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर ढोबळमानाने दहावा हिस्साच पोहोचतो. बाकीची ऊर्जा धावण्यात आणि अंग उबदार राखण्यात खर्च होते. वाघाला वर्षाकाठी चितळाएवढी सुमारे ५० जनावरे लागतात, आणि कळप न घटता ती मिळत राहायची तर रानात ५०० तरी असावी लागतात.

उत्तर २ : बिबट्याचे गणित वेगळे, आणि माझ्या मते अधिक रंजक आहे. अकोले तालुक्यात त्याच्या विष्ठेतील केस तपासून केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा होता आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. म्हणजे ओट्यावरून फेकलेली शिळी भाकरी कुत्र्याच्या पोटात जाते आणि कुत्रा बिबट्याच्या. ही साखळी आपल्या ज्वारी-बाजरीपासून सुरू होते!

उत्तर ३ : ‘सर्वोच्च’ हे स्थळावर ठरते. ताडोब्यात बिबट्या वाघाला टाळून वावरतो. उसात वाघच नसल्यामुळे तो वरच्या पायरीवर आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. गेल्या आठवड्यात बांधावर सापडलेल्या वाळक्या विष्ठेत तांबूस केस आणि नखाचा तुकडा होता. आता उलगडा झाला.