कॉम्पोटमध्ये सगळी फळे एकदम घालू नयेत (कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा)

वहिनी: हिवाळ्याच्या सुटीत आपण सगळे एकत्र जेवू, तेव्हा शेवटी मसाल्याचा सुवास असलेला फळांचा कॉम्पोट, म्हणजे साखरेच्या पाण्यात मंद आचेवर शिजवलेली फळे, वाढावा, असे माझ्या मनात आहे. दहा माणसांसाठी सामान किती घ्यावे, हे आत्या, तुम्ही सविस्तर सांगाल का? जॅमसारखा लगदा नको आहे; प्रत्येक फळाची फोड वेगळी ओळखू आली पाहिजे.

आत्या: बेत उत्तम आहे. सुके अंजीर 100 ग्रॅम, जर्दाळू 200 ग्रॅम, बिया काढलेले सुके आलुबुखार 150 ग्रॅम आणि बेदाणे 50 ग्रॅम घे. त्यांच्या जोडीला 2 नासपाती, 1 सफरचंद, 1 लिटर पाणी आणि साधारण 120 ग्रॅम साखर पुरेशी होते. नासपाती कडक, नुकत्याच पिकू लागलेल्या निवडाव्यात, कारण पूर्ण पिकलेल्या फळाच्या फोडी कितीही जपले तरी शिजताना विरघळतात.

फोडी अखंड राहण्यासाठी खरे महत्त्व आहे ते फळे घालण्याच्या क्रमाला. अंजीर सर्वांत चिवट असल्यामुळे ते साध्या पाण्यात मंद आचेवर आधी पंधरा मिनिटे शिजू द्यावेत आणि मग जर्दाळू घालून आणखी पाच मिनिटे थांबावे. तोपर्यंत साखर अजिबात घालू नये, कारण साखरेच्या पाण्यात सुकी फळे सावकाश फुगतात आणि आतून कोरडी राहतात. ताज्या फळांचे मात्र याच्या नेमके उलट आहे. फोडींना आकार देणारे पेक्टिन साखर आणि आंबटपणा यांच्यामुळे लवकर सुटत नाही, म्हणून नासपाती आणि सफरचंद घालतानाच साखर आणि चमचाभर लिंबाचा रस घालावा. दहा मिनिटांत सुरी सहज आत जाईल इतक्या फोडी मऊ होतात आणि तरीही मोडत नाहीत. आलुबुखार आणि बेदाणे शेवटच्या पाच मिनिटांत घातले तरी चालतात. पूर्ण वेळ कडेला बारीक बुडबुडे येतील इतकीच आच ठेवावी आणि डावाने ढवळण्याऐवजी पातेलेच हलक्या हाताने फिरवावे.

दादा: आत्या, हे सगळे प्रेशर कुकरमध्ये एका शिट्टीत होणार नाही का? वेळ बराच वाचेल.

आत्या: वेळ वाचेल, पण अंजीर शिजेपर्यंत सफरचंदाचा गर झालेला असेल, आणि वहिनीला नेमके तेच नको आहे. जाड बुडाचे स्टीलचे पातेलेच घे. ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई नसलेले तांब्याचे भांडे आंबट फळांसाठी वापरू नये.

वहिनी: मसाल्याची पूड करून घालू की अख्खा मसाला घालू?

आत्या: मसाला अख्खाच घाल. पुडीने रस गढूळ होतो आणि मसाला जास्त झाला तर तो काढून घेता येत नाही. दालचिनीचा बोटभर तुकडा, 4 लवंगा, 1 चक्रीफूल, 5–6 मिरे आणि आल्याच्या चार पातळ चकत्या मलमलच्या फडक्यात बांधून ती पुरचुंडी पहिल्या पाण्यापासून पातेल्यात ठेव. लवंग चारपेक्षा अधिक नको, कारण तिच्यातील युजेनॉलचा वास इतका तीव्र असतो की फळांची चव त्याखाली दबून जाते. संत्र्याची साल घालायची असेल तर फक्त वरचा नारिंगी थर सोलून घ्यावा; आतला पांढरा भाग कडवट असतो. गॅस बंद केल्यावर पुरचुंडी काढून टाक, म्हणजे रात्रभरात चव उग्र होणार नाही.

काका: ताई, मला मधुमेह आहे, हे तुला ठाऊकच आहे. माझ्यासाठी साखर न घालता वेगळा काढला तर चालेल का?

आत्या: साखर वगळली तरी हा पदार्थ बिनसाखरेचा होत नाही. बेदाण्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो आणि इतर सुक्या फळांतही ती भरपूर असते. तुझ्यासाठी नासपाती आणि सफरचंद यांच्या थोड्या फोडी मसाल्याच्या पाण्यात वेगळ्या शिजवता येतील, पण किती खायचे ते तुझ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरव. आणखी एक गोष्ट सर्वांनीच लक्षात घ्यावी: जर्दाळूंचा चमकदार केशरी रंग टिकवण्यासाठी बहुधा सल्फर डायऑक्साइड वापरलेला असतो आणि दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो. आपल्यापैकी कोणाला दमा असेल तर सल्फर न लावलेले, तपकिरी रंगाचे जर्दाळू आणावेत. ते दिसायला फिके असले तरी मला त्यांचीच चव अधिक आवडते.

वहिनी: रस पातळ वाटला तर आणखी आटवू का? आणि आदल्या दिवशी करून ठेवला तर बिघडणार नाही ना?

आत्या: आदल्या दिवशीच कर, कारण रात्रभरात सुकी फळे रस शोषून घेतात आणि मसाला आतपर्यंत मुरतो. रस गरम असताना पातळच दिसतो आणि गार झाल्यावर दाट होतो, म्हणून एकतारी पाकापर्यंत मुळीच नेऊ नकोस. फारच पातळ राहिला तर फळे झाऱ्याने बाजूला काढून फक्त रस आटवावा आणि मग फळांवर ओतावा. कॉम्पोट गार होऊ दे आणि गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेव. तो आठवडाभर चांगला राहतो. वाढताना लागेल तेवढाच मंद आचेवर कोमट कर आणि सोबत साधा केक किंवा गोड न केलेले घट्ट दही ठेव.