'मुगीरे' म्हणजे हंबरणंच का?

शब्दवेडी : रोमन कवी व्हर्जिलच्या 'एनिड' या लॅटिन महाकाव्याचा चौथा सर्ग मराठीत आणतेय. त्यात कार्थेजची राणी डायडो बहिणीला एका मांत्रिक पुजारिणीविषयी सांगते, तिच्या मंत्रांनी पायाखालची जमीन 'मुगीरे' करते. हे लॅटिन क्रियापद मुळात गाईबैलांच्या आवाजाचं. रूपं मुगिओ, मुगीरे, मुगीवी, मुगीतुम, नाम मुगीतुस. मी 'धरणी हंबरेल' लिहिलं. आईने वाचून विचारलं, "कुणासाठी हंबरेल?" तिथेच अडलेय.

पांदीतला : आईंनी नेमकं पकडलं. आमची कपिला वासरू विकल्यावर तीन दिवस हंबरत होती, वैरणीला तोंड लावलं नाही. हंबरण्यात ओढ असते. माणूस फोडतो तो हंबरडाही त्यातलाच. तुमच्या ओळीत भय आहे, 'डुरकेल' घ्या. वळू मान खाली घालून माती उकरतो, डुरकतो, ते आपल्या छातीत घुमतं.

साक्षेपी : डुरकणं आज कितीजणांना कळेल? सरळ 'घुमेल' लिहा.

पांदीतला : वापरलंच नाही तर कळणार कसं?

शब्दवेडी : 'घुमेल'मधून जनावरच निघून जातं हो. आणि रोमन कवी ओव्हिडच्या काव्यातली इओ? गाय झालेली ती गाऱ्हाणं सांगायला तोंड उघडते, तर मुगीतुस बाहेर पडतो आणि ती स्वतःच्याच आवाजाला घाबरते. शेवटी खुराने धुळीत अक्षरं काढून बापाला ओळख पटवते. तिथे मला हंबरणंच हवं. मग एका शब्दाला दोन शब्द चालतील?

मूळशोधक : मुळाकडे चला. 'मू' हा मिटल्या ओठांचा आवाज. संस्कृत मूक आणि लॅटिन मूतुस, म्हणजे मुका, हे त्यातूनच आले. माझ्या मते मुगीरेही त्याच घरचा. बोलता येत नाही तेव्हा जे निघतं, ते मुगीरे. इओला किती चपखल बसतं पाहा!

साक्षेपी : आवाजावरून झालेल्या शब्दांची वंशावळ इतक्या भरवशाने मांडू नका. संस्कृतात हम्भारव आहे, त्यात कुठे 'मू'? लॅटिनमध्ये घोड्याचं हिन्नीरे, डुकराचं ग्रुन्नीरे, तान्ह्या मुलाचं वागीरे, सगळी -ईरेवाली. पण मेंढीचं बालारे, कुत्र्याचं लात्रारे. जसं ऐकलं तसं रुजलं.

मूळशोधक : कान वेगळे असतील, ओठ तर तेच ना?

पांदीतला : म्हशीचं काय मग? आमच्याकडे म्हैस रेकते. जमिनीला तेही शोभेल.

साक्षेपी : रेकतं ते गाढव!

पांदीतला : तुमच्याकडे असेल. आमच्या गावात म्हैसच रेकते, आजी सांजवेळी म्हणायची, "म्हस रेकाय लागली, धारेला बस."