ऑडिओ टूर मधेच गप्प होतो, उद्या उरलेला भाग करायचाय, तातडीने मदत हवी

निशिगंध
पैसे भरून ऑडिओ वॉक घेतलाय. आपण चालत राहायचं, त्या त्या जागी पोचलं की माहिती आपोआप सुरू होते. पहिल्या दोन-तीन ठिकाणी झकास चाललं, मग गप्प. वास्को द गामाचं चर्च आतून-बाहेरून बघून झालं तरी हूं की चूं नाही. शेवटी कॉफी प्यायला बसलो आणि मोबाईल काढला, तर स्मशानभूमी, चर्च आणि पुढचा रस्ता अशी सगळी माहिती एकामागून एक सुरू! कंपनीला मेल केलाय, उत्तर नाही. उपाय सांगा. कृपया 'गूगल करून बघा' म्हणू नका, ते करून झालंय.

मांडवीकाठ
वास्कोत द गामाचं चर्च? आम्ही इतकी वर्षं गोव्यात राहतो, कधी ऐकलं नाही. चालायचंच असेल तर पणजीत फोंतेन्यास करा. तिथल्या सेंट सेबॅस्टियन चॅपलमधला ख्रिस्त क्रूसावर असून डोळे उघडे आहेत, तो बघाच. त्याला ऑडिओबिडिओ लागत नाही.

भटकबहाद्दर
लिस्बनला आहात का? गामाचं थडगं बेलेमच्या जेरोनिमोस मठात आहे. रांग भयंकर असते, तिकीट आधी काढा.

निशिगंध
अहो, फोर्ट कोची! मासे पकडायच्या चिनी जाळ्यांपासून सुरू होतो तो टूर.

भटकबहाद्दर
मग तसं लिहा की. तरी माझंही चूक नाही. गामा कोचीत १५२४ च्या डिसेंबरात वारला, सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरला आणि १५३९ मध्ये अस्थी पोर्तुगालला नेल्या. तुम्ही पाहिलात तो नुसता दगड.

सर्किटकाका
फोन कुठला? चालताना स्क्रीन बंद होती का? बॅटरी सेव्हर? लोकेशनची परवानगी 'नेहमी' दिलीय की 'ॲप वापरताना'? हे चार सांगितल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

निशिगंध
अँड्रॉइड. फोन पर्समध्ये, स्क्रीन बंद. सेव्हर चालूच असतो, दिवसभर फोटो काढायचे तर दुसरं काय करणार? परवानगी 'ॲप वापरताना'.

सर्किटकाका
मग झालं. स्क्रीन बंद आणि वर सेव्हर, म्हणजे फोन मागे चाललेल्या ॲपला झोपवतो. तुम्ही कुठवर पोचलात हे ॲपला कळतच नाही. उघडलं की राहिलेलं सगळं एकदम ओकतं. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीला 'अप्रतिबंधित' करा, लोकेशन 'नेहमी' करा, सेव्हर बंद. टूर हॉटेलच्या वायफायवर पूर्ण उतरवून घ्या. पॉवर बँक न्या. तरी अडलं तर यादीत जाऊन त्या ठिकाणावर बोट ठेवा, हाताने सुरू होतं.

पेन्शनर
एवढ्या उपद्व्यापापेक्षा माणूस गाइड घ्या. त्याला प्रश्न विचारता येतो.

सर्किटकाका
गाइड घेतला की तो तुम्हाला मसाल्याच्या दुकानात नेऊन बसवतो. ऑडिओ निदान वेलची विकत नाही.

पेन्शनर
सगळेच तसे नसतात. आमच्या गाइडने चर्चमधले छताचे लांब कापडी पंखे दाखवले, दोर भिंतीतून बाहेर काढलेले. बाहेर बसून माणूस ओढायचा म्हणाला. भिंतीत बसवलेले डच थडग्यांचे दगडही दाखवले. तुमच्या ॲपने वर बघा म्हटलं का?

निशिगंध
ॲप गप्प होतं, तेच तर सांगतेय!

हिंडफिरे
जाळी सकाळी लवकर बघा. दोराला बांधलेल्या दगडांच्या वजनावर ते अख्खं लाकडी धूड खाली-वर होतं, चार-पाच जण ओढतात. झेंग हे नावाच्या चिनी दर्यासारंगाच्या खलाशांनी आणली म्हणतात ती.

भटकबहाद्दर
पोर्तुगीजांनी मकाऊहून आणली असंही मत आहे. झेंग हेचं नाव सगळे ठोकून देतात.

ताकपीठ
ताई, फोन झाला दुरुस्त. पण उरलेला भाग म्हणजे मट्टनचेरी ना? उद्या शनिवार. तिथल्या ज्यू टाउनचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद असतं, शुक्रवारी दुपारनंतरही.

निशिगंध
काय सांगता! ॲपमध्ये तर सिनेगॉगच शेवटचा मोठा थांबा आहे. कुठेही लिहिलेलं नाही. परवा संध्याकाळी विमान आहे.

ताकपीठ
मग उद्या फोर्ट कोचीच शांतपणे पुन्हा करा, सांताक्रूझ बॅसिलिका, प्रिन्सेस स्ट्रीट वगैरे. मट्टनचेरी रविवारी सकाळी. डच पॅलेस शुक्रवारी बंद, म्हणजे आजही गेला असतात तर दार बंदच मिळालं असतं. पॅलेस म्हणायचा डच, बांधला पोर्तुगीजांनी, डचांनी नंतर डागडुजी केली. रामायणाची भित्तिचित्रं आहेत, खाली बसून बघण्यासारखी. सिनेगॉग १५६८ चं. जोडे बाहेर काढावे लागतात, जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या हाताने रंगवलेल्या फरश्या आहेत. सोबत कोण आहे?

निशिगंध
बाबा. वय ७४, गुडघे दुखतात.

ताकपीठ
हे आधी सांगायचं ना! मग जाळ्यांपासून मट्टनचेरीपर्यंत पायी नेऊ नका. मधे रिक्षा करा, ऑडिओ ज्यू टाउनमध्ये उतरल्यावर सुरू करा. दमट हवेत ते अंतर तरण्यालाही जड जातं.

निवृत्त मास्तर
मराठी माणसाने कोचीत आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. डच गव्हर्नर व्हान रीडने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मालाबारिकुस' हा ग्रंथ सिद्ध केला, १६७८ ते १६९३, ॲमस्टरडॅममध्ये १२ खंड. इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट असे तिघे कोकणी वैद्य त्यात होते. त्यांनी लिहून दिलेलं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेलं आहे!

मांडवीकाठ
नागरी लिपी, पण भाषा कोकणी. मराठी नव्हे. आत्ताच स्पष्ट केलेलं बरं.

निवृत्त मास्तर
मी मराठी म्हटलं कुठे? मराठी माणसाने जाणावं एवढंच म्हटलं.

पेन्शनर
कोकणी मंडळी अजून आहेत मट्टनचेरीत, तिरुमला देवस्थान त्यांचंच. बाबांना तिथे न्या. चालणं कमी, बसायला जागा.

सर्किटकाका
धागा फोनचा होता. ताई, सेटिंग केलं का?

निशिगंध
केलं. मघाशी जेवायला जाताना सहज चालवून पाहिलं, पर्समध्ये असताना बोलायला लागलं. पण आता एक नवीनच. बाबा कानात श्रवणयंत्र घालतात, इअरफोन बसत नाही, आणि खरेदी माझ्याच खात्यावर. दोघांना एकदम कसं ऐकवायचं?

सर्किटकाका
यंत्र ब्लूटूथचं आहे का? मॉडेल?

पेन्शनर
म्हणून म्हणतोय, गाइड घ्या.