मदत हवी आहे: अतिचंचल मूल, घरची शिस्त आणि पुढची गुन्हेगारी

मंडळी, एक गुंता सुटत नाहीये. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये दोन गट मांडले: लहानपणापासून दांडगाई करणारी थोडी मुलं आणि फक्त किशोरवयात बहकणारी बरीच. हे पटतं. पण नुसती अतिचंचलता आणि जोडीला चोऱ्या-मारामाऱ्या असलेली अतिचंचलता, यांतला पुढचा धोका सारखा नसणार ना?

दुसरं, मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी मांडलेलं चक्र. मूल आकांडतांडव करतं, आईबाप ओरडतात, शेवटी थकून माघार घेतात. मूल शिकतं की हट्ट केला की काम होतं. मग घरातली कडक शिस्त कारण की परिणाम? (सगळं खापर आईवर फोडणाऱ्यांनी कृपया थांबावं.) त्याच मुलांना वर्षानुवर्षं पाहून हे वेगळं काढणारा अभ्यास कुणी वाचलाय का? जुळ्यांवरचा असेल तर उत्तमच.