मदत हवी आहे: आईला मेथोट्रेक्सेटच्या गोळीने फार मळमळतंय

आई ५४ वर्षांची, तिला संधिवात (रुमॅटॉइड आर्थरायटिस, आरए) आहे, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह. आठ महिने झाले मेथोट्रेक्सेट चालू आहे, आठवड्यातून एकदाच, रविवारी (रोज नाही, हे आधीच सांगते कारण कुणीतरी विचारणारच). आधी ७.५ होतं, आता १५ एमजी. सोबत एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, हेही संधिवाताचंच औषध) २०० एमजी, आणि दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून सोमवारी फॉलिक अ‍ॅसिड ५ एमजी.

सांधे खरंच बरे आहेत, सकाळचा आखडलेपणा दोन तासांवरून वीस मिनिटांवर आलाय, म्हणून औषध सोडायचं नाहीये. पण १५ केल्यापासून सोमवार पूर्ण वाया जातो, मळमळ, तोंडाला चव नाही, आणि आता तर शनिवारपासूनच गोळीचं नाव काढलं तरी तिला उमासे येतात. रात्री जेवणानंतर देऊन पाहिलं, ओंडॅन्सेट्रॉन (उलटी-मळमळीची गोळी) दिलं, आलं-लिंबूही झालं, थोडाच फरक. सीबीसी, एलएफटी, क्रिएटिनिन (रक्तपेशी, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या) मागच्या महिन्यात नॉर्मल. मागे स्टेरॉइड घेतलं तेव्हा शुगर वाढली होती, त्यामुळे ते नको. आयुर्वेदिक-होमिओपॅथी पण सध्या नको प्लीज.

डॉक्टरांची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे, तोवर मनाने काही बदलणार नाही, फक्त काय विचारायचं ते ठरवायचंय. ज्यांना असा त्रास होता त्यांना डॉक्टरांनी डोस त्याच दिवशी सकाळ-संध्याकाळ विभागून दिला, फॉलिक अ‍ॅसिड वाढवलं, की सरळ पोटाच्या कातडीखालच्या इंजेक्शनवर नेलं? आणि इंजेक्शन असेल तर तालुक्याच्या गावी घरी स्वतः टोचणं जमतं का?